आयर्न मॅनचा चेहरा, डूमचा मुखवटा: सुपरहिरोंचे चाहते खूश का आहेत आणि धास्तावलेले का

२८ जुलै २०२४, रविवार. आपल्याकडे सकाळ होती, अमेरिकेतल्या सॅन दिएगोत शनिवारची संध्याकाळ. तिथल्या कॉमिक-कॉन मेळ्यात, हॉल एच नावाच्या अवाढव्य सभागृहात, हिरवे झगे आणि धातूचे मुखवटे घातलेली माणसं रंगमंचावर ओळीने उभी राहिली. त्यांच्यातल्या एकाने पुढे येऊन मुखवटा काढला आणि सभागृह दणाणून गेलं. तो रॉबर्ट डाउनी ज्युनियर होता. ११ वर्षं ज्याने आयर्न मॅन केला, तोच आता मार्व्हल या अमेरिकन कॉमिक्स आणि चित्रपटांच्या कंपनीचा सगळ्यात नामांकित खलनायक, डॉक्टर डूम, करणार होता.

आमच्या शाळेतल्या मित्रांच्या ग्रुपवर सकाळचा चहा होईपर्यंत दोन तट पडले होते. निम्मे आनंदाने नाचत होते. निम्मे म्हणत होते, ‘झालं, आता पैशांसाठी काहीही करतील.’ माझा भाचा तेव्हा नऊ वर्षांचा होता. त्या उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही दोघांनी ‘आयर्न मॅन’पासून ‘एंडगेम’पर्यंतचे सगळे चित्रपट क्रमाने पाहिले होते आणि शेवटी आयर्न मॅन मेला तेव्हा भाचा उशीत तोंड खुपसून रडला होता. मी त्याला मोबाइलवर तो व्हिडिओ दाखवला. त्याने टाळ्या वाजवल्या नाहीत, नाकही मुरडलं नाही. एवढंच विचारलं, ‘मामा, पण हा मेला होता ना?’

‘अ‍ॅव्हेंजर्स: डूम्सडे’ या, मार्व्हलच्या सुपरहिरोंचा चमू डूमसमोर उभा करणाऱ्या चित्रपटाची ठरलेली तारीख १८ डिसेंबर २०२६ आहे. त्यानंतर वर्षभराने, १७ डिसेंबर २०२७ ला, त्याचा पुढचा भाग ‘सीक्रेट वॉर्स’. ज्यांच्या घरात या चित्रपटांवरून वाद चालू आहेत, पण नेमकं कशावरून ते कळत नाही, त्यांच्यासाठी हे लिहितोय. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. चाहत्यांच्या शंका दोन जातीच्या असतात. अमुक नट ही भूमिका पेलेल का, ही एक जात. ती शंका बहुतेक वेळा फोल ठरते. गोष्ट पुरेशी मुरली आहे का आणि आधी सांगितलेली गोष्ट खोटी पडतेय का, ही दुसरी जात. तिच्याकडे मात्र कान द्यावा, कारण गेल्या काही वर्षांत ती पुन्हा पुन्हा खरी ठरली आहे.

डूम इतकी वर्षं होता कुठे?

डॉक्टर डूम पहिल्यांदा १९६२ साली आला, ‘फँटॅस्टिक फोर’ या चार सुपरहिरोंच्या कुटुंबावरच्या कॉमिकच्या पाचव्या अंकात. लॅटव्हेरिया नावाच्या काल्पनिक देशाचा राजा. विज्ञानातही पारंगत, जादूतही. कॉमिक्स वाचणाऱ्यांना विचारलं तर मार्व्हलच्या खलनायकांत त्याचं पान पहिलं. तरी २००८ साली ‘आयर्न मॅन’पासून सुरू झालेल्या चित्रपटांच्या माळेत, ज्याला चाहते एमसीयू म्हणतात, बरीच वर्षं त्याचं नावसुद्धा कुणी काढलं नाही. त्याचं कारण गोष्टीत शोधून सापडणार नाही, ते कागदपत्रांत आहे.

नव्वदच्या दशकात अमेरिकेत कॉमिक्सचा धंदा बसला आणि १९९६ च्या डिसेंबरात मार्व्हलने दिवाळखोरीचा अर्ज केला. अडचणीतल्या घरातून एकेक दागिना बाहेर पडावा तसे पात्रांचे चित्रपटहक्क त्याच्या आगेमागे बाहेर पडले. एक्स-मेन ही सुपरहिरोंची टोळी फॉक्स या स्टुडिओकडे गेली. स्पायडर-मॅन १९९९ मध्ये सोनीकडे गेला. फँटॅस्टिक फोर, आणि त्यांच्यासोबत त्यांचा शत्रू डूम, तर त्याही आधी, १९८६ मध्येच, एका जर्मन निर्मात्याच्या हाती पडले होते.

या हक्कांना एक अट असते. ठरलेल्या मुदतीत चित्रपट काढला नाही, तर हक्क मूळ मालकाकडे परत. आपल्याकडे जमिनीच्या वादात वहिवाट हा शब्द येतो. शेत कसत राहिलात तर ताबा सांगता येतो, म्हणून पीक येवो न येवो, नांगर फिरवून ठेवायचा. त्या जर्मन निर्मात्याने नेमकं हेच केलं. १९९२ संपायच्या आत चित्रीकरण सुरू झालं नाही तर हक्क जाणार होते. तेव्हा सुमारे १० लाख डॉलरमध्ये, म्हणजे तेव्हाच्या हॉलिवूडच्या मानानेही चिल्लर रकमेत, फँटॅस्टिक फोरवर एक चित्रपट घाईघाईने उरकला गेला. त्यातल्या नटांना वाटत होतं की आपलं नशीब उघडणार. त्यांनी प्रसिद्धीसाठी स्वतः धावपळही केली. तो चित्रपट अधिकृतपणे कधीच प्रदर्शित झाला नाही. चोरट्या व्हिडिओ कॅसेटमधून तो चाहत्यांमध्ये फिरत राहिला, आणि पडद्यावरचा पहिला डूम अनेकांनी तसाच, खरखरत्या चित्रात पाहिला.

पुढे ते हक्क फॉक्सकडे आले. २००५, २००७ आणि २०१५ मध्ये चित्रपट निघाले. तिन्हींत डूम कुठल्या ना कुठल्या रूपात होता आणि चाहत्यांच्या मनातला डूम एकातही नव्हता.

इकडे मार्व्हलने हाती उरलेल्या पात्रांवर डाव लावला. २००५ साली ५२.५ कोटी डॉलरपर्यंतचं कर्ज उभं केलं आणि तारण काय ठेवलं, तर कॅप्टन अमेरिका, ब्लॅक पँथर, डॉक्टर स्ट्रेंज अशा १० पात्रांचे चित्रपटहक्क. चित्रपट पडले असते तर ही पात्रंही गेली असती. चित्रपट चालले. २००९ मध्ये डिस्नेने सुमारे ४०० कोटी डॉलरना मार्व्हल विकत घेतलं आणि मार्च २०१९ मध्ये फॉक्सचा मोठा हिस्साही डिस्नेच्या पदरात पडला. भाऊबंदकीत वाटण्या झालेलं घर पुन्हा एका अंगणात आलं. फक्त स्पायडर-मॅन अजून सोनीचाच आहे. २०१५ च्या करारानुसार तो मार्व्हलच्या चित्रपटांत येतो-जातो. ऑगस्ट २०१९ मध्ये ही बोलणी फिसकटली होती तेव्हा चाहत्यांनी अक्षरशः सुतक पाळलं. महिन्याभरात पुन्हा समेट झाला.

आता आशेचं मूळ लक्षात येईल. मार्च २०२५ मध्ये मार्व्हलने ‘डूम्सडे’च्या कलाकारांची नावं जाहीर केली ती एका विलक्षण पद्धतीने. पाच तासांहून जास्त वेळ इंटरनेटवर थेट प्रक्षेपण, आणि त्यात दिसतात काय, तर चित्रीकरणाच्या जागी मांडलेल्या खुर्च्या. दर खुर्चीच्या पाठीवर एक नाव. कॅमेरा सरकायचा, थांबायचा, पुढचं नाव. अशी २७ नावं. त्यांत एक्स-मेनच्या चित्रपटांत प्रोफेसर एक्स करणारे पॅट्रिक स्ट्युअर्ट होते, मॅग्नेटो करणारे इयन मकेलन होते. २००० साली पहिला ‘एक्स-मेन’ आला तेव्हा जे कॉलेजात होते ते आज पन्नाशीकडे झुकलेत. थॉर आणि मॅग्नेटो एका चौकटीत दिसतील अशी आशा त्यांनी पाव शतक उराशी धरली होती आणि त्यांच्या आड कुठलाही राक्षस आला नव्हता, आड आले होते करारनामे. रिकाम्या खुर्च्यांकडे पाच तास टक लावून बसणारी माणसं वेडी नव्हती, हे मला मनापासून सांगायचंय.

थॅनॉस मुरला होता

मग धास्ती कसली?

थॅनॉस आठवा, ‘एंडगेम’पर्यंतच्या गोष्टीचा मोठा खलनायक. मे २०१२ मध्ये पहिल्या ‘अ‍ॅव्हेंजर्स’च्या शेवटी, नावं सरकू लागल्यावर, जांभळ्या चेहऱ्याचं कुणीतरी वळून हसलं. बहुतेकांना तो कोण हेही कळलं नाही. त्यानंतर सहा वर्षं तो अधूनमधून डोकावत राहिला. त्याला हवी असलेली, अफाट शक्तीची सहा रत्नं वेगवेगळ्या चित्रपटांत विखुरलेली होती. प्रत्येक चित्रपट स्वतःची गोष्ट सांगत होता आणि जाता जाता एक रत्न पुढे सरकवत होता. २०१८ मध्ये तो खुर्चीतून उठला तेव्हा त्याची ओळख करून द्यायची गरज उरली नव्हती. कैरीच्या लोणच्याला मीठ, मोहरी, तेल घालून झालं की पुढचं काम बरणी करते. थॅनॉस त्या बरणीत सहा वर्षं होता.

त्याच्यानंतर कँग नावाचा खलनायक असाच मुरवायचं ठरलं होतं. २०२१ मध्ये ‘लोकी’ मालिकेत त्याचं एक रूप आलं. जुलै २०२२ मध्ये ‘अ‍ॅव्हेंजर्स: द कँग डायनॅस्टी’ची घोषणा झाली, २ मे २०२५ ही तारीखसुद्धा पडली. फेब्रुवारी २०२३ मध्ये ‘अँट-मॅन’च्या तिसऱ्या भागात तो मुख्य खलनायक म्हणून आला, पण त्या चित्रपटाने अपेक्षेइतका गल्ला केला नाही. त्याच वर्षी ही भूमिका करणारा जोनाथन मेजर्स एका मारहाणीच्या खटल्यात दोषी ठरला आणि मार्व्हलने त्याला दूर केलं. पायाच काढून घेतल्यावर पुढची इमारत कशी उभी राहणार? मग जुलै २०२४ मध्ये चित्रपटाचं नाव बदललं, खलनायक बदलला, आणि जुने दिग्दर्शक, अँथनी आणि जो रुसो हे भाऊ, परत बोलावले गेले.

म्हणजे डूम बरणीत किती दिवस राहिला? जुलै २०२५ च्या ‘फँटॅस्टिक फोर’मध्ये, शेवटच्या नावांच्या मध्ये, तो काही क्षण दिसतो. पाठमोरा. हातात मुखवटा आणि समोर चौघांच्या कुटुंबातलं लहान मूल. दृश्य अंगावर काटा आणणारं आहे, पण पडद्यावर त्याची ओळख ती एवढीच. थॅनॉसला सहा वर्षं मिळाली, डूमला जेमतेम दीड. या एका फरकामुळे मला झोप लागत नाही असं म्हणणार नाही, पण चित्रपटगृहात शिरताना तो माझ्यासोबत असेल.

दुसरी धास्ती गृहपाठाची आहे. २००८ ते २०१९ या काळात मार्व्हलचे २३ चित्रपट आले. २०२१ ते २०२३ या तीनच वर्षांत १० आले आणि मालिकांचा रतीब वेगळा. नोव्हेंबर २०२३ च्या ‘द मार्व्हल्स’मध्ये तीन नायिका होत्या. पहिली मोठ्या पडद्यावरची, दुसरी एका मालिकेत नावारूपाला आलेली, तिसरी आणखी एका मालिकेतली. ज्याने या मालिका पाहिल्या नव्हत्या त्याला दोन तृतीयांश माणसं अनोळखी. माझी बहीण मुलाला घेऊन गेली होती. मध्यंतरात तिने मला फोन केला आणि विचारलं, ‘ही कोण आणि हिला आपण कधी भेटलो?’ चित्रपटाने जगभरात सुमारे २०.६ कोटी डॉलर कमावले, एमसीयूतली सगळ्यात कमी कमाई. ‘एंडगेम’ने केले होते जवळपास २८० कोटी. त्या चित्रपटातल्या नायिकांवर नेटवर जी घाणेरडी टीका झाली ती मला अजूनही बोचते, कारण तिघींनीही काम जीव लावून केलं होतं. खटकत होता तो गृहपाठ.

२०२४ मध्ये डिस्नेचे तेव्हाचे प्रमुख बॉब आयगर यांनीच जाहीर केलं की आता वर्षाला दोन, फार तर तीन चित्रपट आणि दोनच्या आसपास मालिका. चाहते हेच तर घसा कोरडा करून सांगत होते. या धावपळीचा भार कुणावर पडला हेही सांगायला हवं. सप्टेंबर २०२३ मध्ये मार्व्हलच्या व्हीएफएक्स, म्हणजे संगणकावर दृश्यं घडवणाऱ्या, कामगारांनी एकमताने संघटना स्थापन करायचा कौल दिला, तो अशक्य मुदती आणि लांबत जाणाऱ्या कामाच्या तासांमुळे. आपण शेवटचं दृश्य पाहायला नावं संपेपर्यंत बसून राहतो. पुढच्या वेळी ती नावं वाचा. मुंबईतल्या स्टुडिओंतही हे काम चालतं, आणि त्या बारीक अक्षरांच्या रांगांमध्ये आपल्या ओळखीची आडनावं सापडतात.

मल्टिव्हर्स म्हणजे काय, आणि मरण स्वस्त का झालं

भाच्याच्या प्रश्नाचं अधिकृत उत्तर मल्टिव्हर्स असं आहे. सोपं करून सांगतो. आपल्यासारखी अनेक विश्वं शेजारी शेजारी आहेत अशी कल्पना करा. एका विश्वात टोनी स्टार्क आयर्न मॅन झाला, दुसऱ्यात तो कधी जन्मलाच नाही, तिसऱ्यात तसाच चेहरा घेऊन भलताच कुणी राजा झाला. रामकथा हजार मुखांनी सांगितली गेली आणि प्रत्येक मुखात ती थोडी बदलली, यात आपल्याला काही वावगं वाटत नाही. मल्टिव्हर्समध्ये या वेगवेगळ्या कथनांतली माणसं एकमेकांसमोर येऊन उभी राहतात, एवढाच फरक.

कॉमिक्स वाचणाऱ्यांना मेलेला माणूस परत येणं नवीन नाही. १९९२ साली सुपरमॅन मेला तेव्हा तो अंक घ्यायला दुकानांबाहेर रांगा लागल्या, आणि पुढच्याच वर्षी तो परत आला. पण कागदावरचा सुपरमॅन म्हातारा होत नाही. पडद्यावरचा माणूस होतो. ‘आयर्न मॅन’पासून ‘एंडगेम’पर्यंत आपण टोनी स्टार्कच्या कपाळावर आठ्या उमटताना पाहिल्या. त्याची मुलगी मॉर्गन जन्मली, त्याच्याकडे गमावण्यासारखं काही आलं, आणि तरी जग वाचवण्यासाठी त्याने ती जीवघेणी चुटकी वाजवली. त्या मरणाचं मोल एवढ्यासाठी होतं की ते परत घेता येणार नव्हतं.

नाटकवाल्या मराठी माणसाला भूमिका तीच आणि नट वेगळा, याची सवय आहे. एखादं गाजलेलं नाटक वीस वर्षांनी नव्या संचात येतं आणि आपण जुन्या नटाची आठवण काढत काढत नव्याला दाद देतो. इथे उलटं झालंय. नट तोच, भूमिका वेगळी. म्हणून प्रेक्षक नेमका कुणाला दाद देईल, डूमला की त्याच्यातून डोकावणाऱ्या टोनीला, हे कुणालाच सांगता येत नाही.

मल्टिव्हर्स म्हणजे नुसती पळवाट असं मात्र मी म्हणणार नाही. ‘स्पायडर-मॅन: नो वे होम’ आपल्याकडे १६ डिसेंबर २०२१ ला, अमेरिकेच्या एक दिवस आधी, लागला. त्यात तीन वेगवेगळ्या विश्वांतले तीन पीटर पार्कर, म्हणजे तीन स्पायडर-मॅन, एकत्र येतात. त्यांतला अँड्र्यू गारफिल्डचा पीटर. २०१४ च्या त्याच्या चित्रपटात तो उंचावरून कोसळणाऱ्या प्रेयसीला, ग्वेनला, वाचवू शकला नव्हता. इथे दुसऱ्याच एका पीटरची प्रेयसी, एमजे, कोसळते, तो झेपावतो आणि तिला झेलतो. जमिनीवर आल्यावर तो विचारतो, बरी आहेस ना? आणि डोळे त्याचेच भरून येतात. ती दोन-तीन सेकंदं. ज्याने जुना चित्रपट पाहिला नाही त्यालाही कळतं की या माणसाच्या आत काहीतरी जुनं मोकळं झालं. मल्टिव्हर्स नसतं तर हे दृश्य झालं नसतं.

आता याच्या शेजारी २०२३ चा ‘द फ्लॅश’ ठेवा. त्यात वेगवेगळी विश्वं आदळतात तेव्हा जुने सुपरमॅन क्षणभर दिसतात, त्यांत २००४ मध्ये निवर्तलेले क्रिस्टोफर रीव्ह, संगणकावर पुन्हा घडवलेले. त्यांना काही करायचं नाही, कुणाला भेटायचं नाही. नुसतं दिसायचं. मला ते पाहून अपराधी वाटलं. ‘डूम्सडे’तल्या त्या २७ खुर्च्यांचं काय होणार, हा प्रश्न म्हणजे हाच प्रश्न. त्यांतली किती माणसं गारफिल्डसारखी येतील आणि किती नुसती दिसून जातील?

नटांवरच्या शंका

यावर फार वेळ घालवायला नको, इतिहास पुरेसा बोलका आहे. १९८८ च्या सुमारास मायकल कीटन बॅटमॅन होणार म्हटल्यावर स्टुडिओकडे निषेधाच्या पत्रांचा ढीग पडला, कारण तो विनोदी नट म्हणून ओळखला जायचा. १९८९ मध्ये चित्रपट आला आणि पुढच्या प्रत्येक बॅटमॅनची तुलना त्याच्याशी होऊ लागली. हीथ लेजर जोकर करणार कळलं तेव्हाही असाच गदारोळ झाला. त्याच भूमिकेसाठी त्याला २००९ मध्ये मरणोत्तर ऑस्कर मिळालं. रॉबर्ट पॅटिन्सनच्या वेळी पुन्हा तेच. आणि खुद्द डाउनी? २००८ पूर्वी त्याच्या व्यसनांच्या आणि तुरुंगवासाच्या बातम्यांमुळे त्याच्यावर एवढा पैसा लावायला कुणी धजत नव्हतं. त्याला डूम जमेल का, ही चिंता मी तरी करत नाही.

घोषणा ऐकून नाचण्याआधी

घोषणा म्हणजे चित्रपट नव्हे, हे चाहते ठेच लागून शिकले. सगळ्यात दुखरं उदाहरण मार्व्हलच्या ‘ब्लेड’चं, व्हॅम्पायर मारणाऱ्या नायकाच्या चित्रपटाचं. जुलै २०१९ मध्ये माहेरशाला अली त्याच हॉल एचच्या रंगमंचावर आला आणि ब्लेडच्या नावाची टोपी डोक्यावर चढवली. दोन वेळा ऑस्कर जिंकलेल्या नटाने स्वतःहून मागून घेतलेली भूमिका! मग एक दिग्दर्शक गेला, दुसरा आला, तोही गेला. पटकथा लिहिल्या गेल्या, खोडल्या गेल्या. तारखा सरकत गेल्या आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये चित्रपट वेळापत्रकातूनच काढला गेला.

डीसी, म्हणजे सुपरमॅन-बॅटमॅनवाली मार्व्हलची प्रतिस्पर्धी कंपनी, तिच्या चाहत्यांनी याहून जास्त सोसलंय. ‘बॅटगर्ल’ तर जवळपास पूर्ण झाला होता. ऑगस्ट २०२२ मध्ये डीसीचा मालक असलेल्या वॉर्नरने तो कधीच न दाखवण्याचा निर्णय घेतला, कारण तोटा दाखवून करात सवलत मिळवणं त्यांना फायद्याचं वाटलं. शेकडो लोकांचं काम कपाटात बंद झालं. त्याच वर्षी ऑक्टोबरात हेन्री कॅव्हिलने सुपरमॅन म्हणून परत येत असल्याचं जाहीर केलं आणि डिसेंबरात तो नसल्याचं जाहीर करावं लागलं. मधल्या काळात डीसीची सूत्रं जेम्स गन आणि पीटर सॅफ्रन यांच्याकडे आली होती.

गनने एक नियम मात्र घालून दिला आणि तो मला फार मोलाचा वाटतो. पटकथा पूर्ण होऊन पसंत पडल्याशिवाय चित्रीकरण नाही. जानेवारी २०२३ मध्ये जाहीर केलेल्या यादीतले काही चित्रपट यामुळे मागे पडले आणि त्याने ते उघडपणे सांगितलं. जुलै २०२५ च्या त्याच्या ‘सुपरमॅन’ने ६० कोटी डॉलरच्या वर कमाई केली. त्यातला सुपरमॅन चुकतो, मार खातो, एका द्वाड कुत्र्याच्या मागे धावतो. ‘द बॅटमॅन’चा दुसरा भाग अनेकदा पुढे ढकलला गेला आणि आता तारीख ऑक्टोबर २०२७ ची आहे. दिरंगाईवर चाहते चिडतात. मी चिडत नाही. पटकथेवर गेलेलं एक वर्ष मला कधीच वाया गेलेलं वाटत नाही.

मराठी प्रेक्षकाला थेट लागू पडणारं एक उदाहरण याच जातीचं आहे. जून २०२३ चा ‘स्पायडर-मॅन: अक्रॉस द स्पायडर-व्हर्स’ भारतात १० भाषांत आला, त्यांत मराठी होती. मुंबई आणि मॅनहॅटन एकमेकांत मिसळून केलेलं ‘मुंबॅटन’ शहर आणि तिथला स्पायडर-मॅन पवित्र प्रभाकर त्यात आहे. हा पवित्र २००४ च्या एका भारतीय कॉमिकमधून आला. भाच्याने तो मराठीत पाहिला आणि पुढचे कित्येक दिवस घरात मराठीतूनच जाळी फेकली. चित्रपट ऐन मोक्यावर थांबतो: नायक माइल्स चुकीच्या विश्वात अडकलाय आणि त्याच्यासमोर त्याचंच दुसरं, कठोर रूप उभं आहे. पुढचा भाग मार्च २०२४ मध्ये यायचा होता, आता २०२७ वर गेलाय. लटकून राहणं कठीण आहे, पण ज्या हातांनी पहिले दोन भाग घडवले त्यांना वेळ मिळतोय, म्हणून माझी सगळ्यात निर्धास्त आशा याच चित्रपटावर आहे.

घरच्या सुपरहिरोंचीही वाट पाहणं चालूच आहे. १९९७ साली दूरदर्शनवर ज्याने आम्हाला टीव्हीसमोर गोळा केलं त्या ‘शक्तिमान’वर चित्रपट येणार अशी झलक फेब्रुवारी २०२२ मध्ये दाखवली गेली, आणि तेव्हापासून नुसती नावांची चर्चा ऐकतोय. मराठीत श्रेयस तळपदेचा ‘बाजी’ २०१५ मध्ये आला. धाडस मोठं होतं, पण त्यामागून रांग लागली नाही. मल्याळममध्ये मात्र ऑगस्ट २०२५ च्या ‘लोका’ने केरळच्या लोककथेतली यक्षी आजच्या शहरात आणली आणि जगभरात ३०० कोटी रुपयांच्या पुढे मजल मारली. आपल्याकडेही कोकणापासून विदर्भापर्यंत लोककथांना तोटा नाही. तो चित्रपट पाहिल्यापासून माझ्या डोक्यातून हे जात नाही.

तर, डूम. २०२५ संपता संपता ‘डूम्सडे’ची पहिली झलक आली. मोटारसायकलवरून एक माणूस घरी येतो, जुना गणवेश हातात घेऊन पाहतो, आणि मग त्याच्या कुशीत तान्हं बाळ दिसतं. स्टीव्ह रॉजर्स, कॅप्टन अमेरिका. ‘एंडगेम’च्या शेवटी तो भूतकाळात राहून गेला होता, प्रेयसी पेगीसोबत नाचत होता. त्याला त्याचं हक्काचं आयुष्य मिळालं असं आपण मानलं होतं. आता त्यालाही परत बोलावलंय.

भाचा आता मोठा झालाय, मी दाखवेपर्यंत त्याने ती झलक चार वेळा पाहिली होती. डूमबद्दल त्याने स्वतःपुरता निकाल लावला होता. ‘हा टोनी नाहीये मामा. फक्त चेहरा तसा आहे.’ मी म्हटलं, बरोबर, मल्टिव्हर्स. तो गप्प झाला. मग जेवायला बसल्यावर, पोळीचा तुकडा हातात तसाच धरून, म्हणाला, ‘पण मॉर्गनला ते कोण सांगणार? तिला तो दिसला तर ती बाबा म्हणून पळत जाईल ना?’

गेले कित्येक महिने मी याच्यावर लेख वाचतोय, थिअऱ्या ऐकतोय, वाद घालतोय. हा प्रश्न मला सुचला नव्हता. पटकथा लिहिणाऱ्यांपैकी कुणाला तरी तो सुचलेला असावा.